इंगोले सर, कोट कोणाच्या अंगावर होता?

इंगोले सर, जायचंच होतं तर निदान नववी ब ला काय सांगायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतं. आज सोळा दिवस झाले तुम्हाला जाऊन. मुख्याध्यापिकांनी तुमचे सगळे तास माझ्या गळ्यात घातले, कारण शाळेत इंग्रजीचे शिक्षक आपण दोघंच. म्हणजे, होतो. आणि तुम्ही त्या शुक्रवारी शेवटच्या तासाला गोष्ट नेमकी अशा जागी आणून थांबवलीत, की आता त्रेचाळीस मुलं रोज माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं.

शोकसभेत मी जे बोलले ते विसरून जा. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘हसतमुख’, ‘न भरून येणारी पोकळी’. तुम्ही मागच्या बाकावर असतात तर खिडकीबाहेर बघत हसला असतात. खरं बोलायचं तर मला तुमचा राग आलाय, आणि तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून जाणारा नाही.

ती कोटाची गोष्ट मी परवा पहिल्यांदा वाचली. बारा वर्षं भिंतीपलीकडे तुम्ही ती दरवर्षी मोठ्यानं वाचत होतात, आणि भिंतीच्या अलीकडे मी दोन-दोन मार्कांची उत्तरं फळ्यावर लिहून देत होते. कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव असलेली पानंही गळालेली एक जुनी इंग्रजी गोष्ट. कुठल्यातरी थंड मुलखात दोन भाऊ, एक आई, एक घोडा आणि दोघा भावांत मिळून एकच कोट. घोडा विकायला दोन दिवसांच्या वाटेवरच्या बाजाराला जातात, आळीपाळीनं कोट घालतात. परत येताना बर्फ सुरू होतं. आई तीन दिवस वाट बघते. चौथ्या पहाटे दार वाजतं. ती कंदील उचलते, दार उघडते, आणि तिला आधी कोट दिसतो. फक्त कोट. पान संपतं, आणि पुढचं पान नाही.

थोरला की धाकटा? रोज हाच प्रश्न. गेल्या आठवड्यातच तुमची ती पहिल्या बाकावरची सानिका, गावठाणातली, दारातच उभी. “बाई, पान घावलं का?” मी म्हटलं, आधी आत जाऊन बस. बसली. बसल्या बसल्या म्हणते, “त्यो थोरलाच हाय, बघा. धाकट्याला त्यानं वाटंत कोट दिला आसंल, पर धाकटा घेणार न्हाय.” मग मागून तिघांनी तिला खोडून काढलं, आणि माझा तास गेला. माझा तास कधी असा जात नाही, सर. माझ्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येते, हे तुम्हीच सगळ्या स्टाफरूमला सांगायचात. आणि पुढे म्हणायचात, “पण बाप्पा, टाचणीच पडते, दुसरं काही नाही.”

तुमची पद्धत साऱ्या शाळेला माहीत होती. इंग्रजी गोष्टींची सात पुस्तकं, सातांचंही शेवटचं पान गायब. वाचत वाचत तिथवर यायचं, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, “शेवटचं पान माझ्याकडे आहे. पण आधी तुम्ही लिहा.” इंग्रजीत लिहा, अर्धं मराठीत लिहा, शब्द अडला तर चित्र काढा, पण दाराशी कोण आहे ते लिहा. मुलं लिहायची. चार-चार पानं लिहायची. ज्यांच्याकडून माझ्या तासाला एक वाक्य धड निघत नाही, ती तुमच्यासाठी डिक्शनरीवरून भांडायची. कागद तुम्ही मोठ्या खाकी पाकिटात भरायचात, पाकीट कपाटात, कपाटाला कुलूप. आणि पान? “दहावी झाल्यावर या.” दहावी झाल्यावर कोणी आलं, की “बारावी होऊ दे.”

तुम्हाला पोचवायला आलो तिथेही ही गोष्ट सुटली नाही. तुमच्या जुन्या बॅचचा एक जण, आता हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे म्हणे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, डोळे लाल. माझ्याजवळ आला. मला वाटलं, रडेल. तर हळूच म्हणतो, “मॅम, एक विचारू? सरांनी ते लास्ट पेज कोणाला दिलं का? मीन्स, कोण होतं त्या कोटात?” मी त्याला म्हटलं, जागा तरी बघ. तो म्हणाला, “सॉरी मॅम, पण नऊ वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.” त्याला रागावले खरी, पण घरी येऊन मीही मोबाईलवर तासभर ती गोष्ट शोधत बसले. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. कोटांच्या जाहिराती तेवढ्या अजून येतायत.

आता मेमोचं बोलू. बारा वर्षांत आपण त्यावर एकदाही धड बोललो नाही.

मी शाळेत आले त्या वर्षी ग्रंथालय माझ्याकडे दिलं. मी सदाशिव पेठेत वाढलेली. पुस्तकाचं पान दुमडलं तरी आमच्या घरी जेवण मिळायचं नाही. मोजणी करताना तुमची ती सात पुस्तकं हाती आली. प्रत्येकाचं शेवटचं पान नाही आणि कड अगदी सरळ, ब्लेड फिरवल्यासारखी. ब्लेड तुमच्या खणात होतं. मी विचारलं, “सर, ही पानं तुम्ही कापलीत?” तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, “हो.” बस, हो. ना लाज, ना खुलासा. मी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार केली. ‘शालेय मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान’ हे शब्द माझे होते, आणि त्यांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. तुम्हाला मेमो मिळाला. तुम्ही खाली ‘मान्य’ लिहून सही केलीत आणि मधल्या सुट्टीत मलाच विचारलंत, “काहून एवढ्या तापून राहिल्या बाई? घ्या, ठेचा घ्या.” तो ठेचा मी घेतला नाही. पुढे बारा वर्षं घेतला, पण त्या दिवशी नाही.

आपलं भांडण खरं पानांचं नव्हतंच. मी म्हणायचे, ही मुलं मराठी माध्यमाची, घरी इंग्रजीचा वारा नाही. कोणाचे वडील डेअरीत, कोणाचे रिक्षावर, कोणाची जमीन बिल्डरला गेलेली. त्यांना आधी मराठीत अर्थ सांगा, मग सारांश द्या, मग उत्तर पाठ करून घ्या. पास होऊ द्या हो त्यांना. तुम्ही म्हणायचात, “बाई, तुम्ही घास भरवता ते ठीक, पण चावूनही तुम्हीच देता.” मी म्हणायचे, बोर्डाच्या पेपरात ‘दाराशी कोण होते’ असं विचारत नाहीत. तुम्ही म्हणायचात, “म्हणूनच कुठंतरी विचारायला पाहिजे ना.” हे वाद आपण कात्रजच्या चौकात बस खोळंबल्यावर घातले, पेपर तपासताना घातले, सहलीला खडकवासल्याच्या काठावर पासष्ट मुलं मोजता मोजता घातले. तिथे तर वाद घालताना आपली दोन मुलं कमी भरली आणि दोघांनाही दरदरून घाम फुटला. ती कणसाच्या गाडीपाशी सापडली. तेव्हाही तुम्ही म्हणालात, “बघा, शेवट बरा निघाला.”

लाल पेनाचा प्रसंग मात्र मी विसरलेले नाही. तुम्ही पुतणीच्या लग्नाला वाशीमला गेला होतात आणि चार दिवस तुमचा वर्ग माझ्याकडे होता. मुलांनी लिहिलेले शेवट टेबलावर होते. मी चांगल्या मनानं, देवाशपथ चांगल्या मनानं, सगळे तपासले. काळ, क्रियापदं, विरामचिन्हं, काही सोडलं नाही. एकेका कागदावर वीस-वीस गोल. परत आल्यावर तुम्ही गठ्ठा चाळलात, आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. नवव्या दिवशी म्हणालात, “चुका अगदी बरोबर काढल्या बाई तुम्ही. एक नाही सुटली.” पुढच्या गोष्टीला त्याच वर्गानं तीन-तीन ओळी लिहिल्या. चुका नव्हत्या, कारण काही नव्हतंच. मी तुम्हाला तेव्हा सॉरी म्हटलं नाही. म्हटलं, “शिस्त लागतेय.” हे वाक्य आजही मला झोंबतं.

असो. आता मागच्या आठवड्यात मी काय घोळ घातला ते ऐका. नववी ब मध्ये सलग तीन दिवस ‘पान, पान’ झाल्यावर मी टेबलावर हात आपटून सांगितलं, “सोमवारी सरांचं कपाट उघडणार, पान काढणार, वाचून दाखवणार आणि हा विषय संपणार.” वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, खूश झाले. तर सानिका म्हणाली, “पर बाई, आमचं तर अजून लिहूनच झालं न्हाय.” मी म्हटलं, आता लिहायची गरज नाही.

कपाटाची किल्ली तुमच्या घरी होती. काल रविवारी वहिनींकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद, तुमच्या चपलांचे जोड अजून दाराबाहेर. वहिनींनी चहा केला. थोडा वेळ आम्ही दोघींनी पाण्याच्या टँकरबद्दल बोलून काढला. मग मी किल्ली मागितली आणि का हवी ते सांगितलं. 

“पान?” त्या म्हणाल्या. “अहो बाई, पान कुठलं? पान नव्हतंच ना कधी.”

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही नवीन होतात, मी यायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. शाळेत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं नव्हती, म्हणून तुम्ही मंडईजवळच्या रद्दीवाल्याकडून एक उचललंत, घरी न वाचताच वर्गात नेलंत आणि चार दिवस वाचलंत. शेवटाला आलात, पान उलटलंत, तर पुढे पानच नाही. कव्हर गेलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान सगळ्यांत आधी गळतं, हे तुम्हाला तेव्हा कळलं. समोर चाळीस चेहरे. वाशीमकडून नवा आलेला मास्तर, भाषेवरून मुलं आधीच हसायची. तुमच्या तोंडून निघून गेलं, “शेवटचं पान मी काढून ठेवलं आहे. आधी तुम्ही लिहा.”

“घरी आले तं घाबरले होते,” वहिनी म्हणाल्या. “म्हणे, उद्या पोरं पान मागतील. अन् दुसऱ्या दिवशी पोरांनी एवढाले कागद लिहून आणले. मंग काय, रद्दीवाल्याले सांगूनच ठेवलं, शेवटचं पान नसलेली इंग्रजी पुस्तकं माझ्यासाठी बाजूले ठेव म्हणून. फाटकी कड दिसू नये म्हणून घरी बसून ब्लेडनं सरळ करत, अन् मंग शाळेच्या ग्रंथालयात जमा करत.”

सर, मी चहाचा कप खाली ठेवला. मी विचारलं, “मग मेमो?” त्या हसल्या. “मी म्हटलं ना त्यांले, की सांगून टाका लिमये बाईंले. तं म्हणाले, बाई खऱ्या आहेत, पण त्यांच्या पोटात राहणार नाही. त्या पोरांना सांगतील. त्याच्यापेक्षा मेमो परवडला.”

चार जिने उतरताना मी तुमच्याशी मोठ्यानं भांडत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. बारा वर्षं, सर! बारा वर्षं तुम्ही मला समोर बसवून माझ्या ताटात ठेचा वाढलात आणि मला खोट्या आरोपावर जगू दिलंत. दर वर्षी मोजणीच्या वेळी मी त्या सात पुस्तकांवर बोट ठेवून टोमणा मारायचे, आणि तुम्ही मान खाली घालून हसायचात. मी नवीन शिक्षकांना तुमचं उदाहरण द्यायचे, पुस्तकाशी कसं वागू नये याचं. एवढाच विश्वास होता माझ्यावर? बसमध्ये बसेपर्यंत हेच चाललं होतं. बसल्यावर मात्र कबूल करावं लागलं, की तुमचं बरोबर होतं. तुम्ही सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर माईकवर सत्य सांगितलं असतं. वर सत्यावर चार वाक्यंही बोलले असते. तुम्ही मला पुरती ओळखून होतात, आणि मला याचाच जास्त राग येतोय.

आज सोमवारी शाळा भरण्याआधी जाऊन कपाट उघडलं. सात पाकिटं, वर तुमच्या तिरक्या अक्षरात गोष्टींना तुम्हीच दिलेली नावं. कोटाचं पाकीट सगळ्यांत फुगलेलं. मुलांचे कागद वर्षावार दोऱ्यानं बांधलेले, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक कागद तुमचा. म्हणजे मुलांबरोबर दरवर्षी तुम्हीही लिहीत होतात. मी वर्गातल्या रिकाम्या बाकावर बसून सगळे वाचले. एका वर्षी थोरला धाकट्याला पाठुंगळी घेऊन येतो आणि कोट दोघांवर मिळून असतो. एका वर्षी दोघांनी एकेक बाही घातलेली असते. एका वर्षी ते कोटच विकून घोडा परत आणतात, आणि दाराशी दिसतो तो कोट विकत घेणारा भला माणूस, दोघांना गाडीत घालून घेऊन आलेला. कोविडच्या वर्षीचाही कागद आहे. तेव्हा वर्ग मोबाईलवर होते, मुलांनी शेवट फोटो काढून पाठवले होते आणि तुम्ही ते बसून हातानं उतरवून ठेवलेत. त्या वर्षीच्या तुमच्या कागदावर दोघं दारातच गार पाण्यानं हात धुतात, आणि मग आई त्यांना आत घेते. बारांतल्या एकाही वर्षी तुम्ही कोणाला बर्फात सोडलेलं नाहीत, सर. एकदाही नाही. माझ्या बॅगेत लाल पेन होतं. ते मी बाहेर काढलं नाही.

मग फायलीतली मेमोची प्रत काढली आणि मुख्याध्यापिकांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. म्हणणार होते, हे मागे घ्या, चूक माझी आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर माझे हे शब्द नकोत. दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच राहिला. का मागे घ्यायचं, हे सांगावं लागणार. सांगितलं की स्टाफरूममध्ये जाणार, स्टाफरूममधून दुपारपर्यंत नववी ब मध्ये, आणि संध्याकाळपर्यंत हिंजवडीत. तुम्हाला निर्दोष ठरवायचं, तर तुमचं पान फाडावं लागतं. आणि पान ठेवायचं, तर तुम्ही कायमचे पुस्तकं कापणारे इंगोले सर. याला काय म्हणायचं? तुम्ही गेलात आणि मला दोन्हीकडून बांधून गेलात. मी परत फिरले. प्रत माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी ऑफिसात आहे, ती तिथेच राहणार. मला माफ करा. हे तोंडावर म्हणायला बारा वर्षं होती आणि मी टोमणे मारत राहिले.

घंटा झाली. वर्गात गेले तर सगळे उभे, माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत. कोणी ‘गुड मॉर्निंग’सुद्धा म्हटलं नाही. सानिकानं विचारलं, “घावलं?”

मी आयुष्यात वर्गापुढे खोटं बोललेले नाही. चुकलेलं स्पेलिंगसुद्धा मी कबूल करते.  मी म्हटलं, “हो. सापडलं. वाचलंय मी.”

“मग? कोन हाय?”

“आधी तुम्ही लिहा.”

काय ओरडा झाला, सर. “चीटिंग, बाई!”, “सेम सरांसारखं!” शेजारच्या वर्गातून शिपाईमामा बघायला आले. मग हळूहळू वह्या उघडल्या. कोणी विचारलं, मराठीत चालेल का? मी म्हटलं, चालेल. कोणी विचारलं, चुका काढणार का? मी म्हटलं, नाही. हे ऐकून चार जणांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघून घेतलं.

मुलं लिहीत होती, तेव्हा मीही एक कोरा कागद घेतला. या वर्षीचा तुमचा कागद गठ्ठ्यावर नव्हता; तुम्ही तो त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी लिहिणार असाल. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण गाइडात नसलेलं एक वाक्य मी कधी इंग्रजीत लिहिलेलं नव्हतं. लिहिलं. खाडाखोड केली, परत लिहिलं. तुमच्यासारखा मी पुष्कळ प्रयत्न केला दोघांनाही घरी आणायचा. एकेक बाही घालून पाहिली, गाडीत बसवून पाहिलं. जमलं नाही. माझ्या कागदावर दार उघडल्यावर एकच जण उभा आहे. कोट त्याच्या अंगाला मोठा होतोय, आणि तो आईला म्हणतो की दादानं तो वाटेत काढून माझ्या अंगावर घातला, मी नको म्हणत होतो.

कागद घडी घालून पाकिटात तुमच्या बारा कागदांवर ठेवला, आणि हे पत्रही लिहून झालं की त्याच पाकिटात जाईल. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे. मधल्या सुट्टीत सानिका मागे मागे आली, म्हणाली, “बाई, निदान तुमी रडला का हसला वाचून, एवढं तरी सांगा.”

मी म्हटलं, “दहावी झाल्यावर ये.”